लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल, पण 'लिव्हर कोंडलंय' म्हणे! डिप्रेशनवर चायनीज मेडिसिन कुणी घेतलंय का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

तीन वर्षं झाली डिप्रेशनची गोळी चालू आहे, एस्सिटालोप्राम 10 मिग्रॅ. फरक पडलाय, खोटं कशाला बोलू, आधी सकाळी उठून दात घासायचे म्हटलं तरी रडू यायचं तसं आता होत नाही. पण बरं वाटतंय असंही म्हणवत नाही. घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं, आवंढा गिळला तरी तिथंच, थुंकलं तरी तिथंच. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, काहीही नाही. छातीवर दडपण, मोठमोठे उसासे (घरचे वैतागतात त्या उसाशांना), पोट फुगलेलं आणि रात्री दोनच्या आसपास जाग येते ती येतेच.

मैत्रीण मागेच लागली म्हणून चायनीज मेडिसिनवाल्या एका बाईंकडे गेले. त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली, जिभेच्या कडा बघितल्या, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून इतका वेळ गप्प बसल्या की मला वाटलं झोप लागली की काय. मग एकदम विचारलं, राग आला की काय करता? मी म्हटलं, गिळते. तर म्हणाल्या, बरोबर, लिव्हरची 'ची' (म्हणजे त्यांच्या भाषेत शरीरात वाहणारी ऊर्जा) कोंडलीय.

आता मागच्याच महिन्यात लिव्हर फंक्शन टेस्ट केली होती, सगळं नॉर्मल! ते सांगितलं तर म्हणाल्या ते लिव्हर वेगळं. म्हणजे मला दोन लिव्हर आहेत का?? त्यांनी आठवड्याला एकदा सुया आणि सोबत काढ्याची पावडर सुचवलीय. गोळी बंद करा असं म्हणाल्या नाहीत, पण "हळूहळू लागणारच नाही" असं म्हणाल्या.

माझं डोकं चक्रावलंय. हे थोतांड आहे का, यात काही अर्थ आहे का, आणि चालू गोळीबरोबर घेतलं तर चालतं का? ज्यांना खरंच माहितीय त्यांनी सांगा प्लीज, "सकारात्मक राहा"वाल्यांनी नाही सांगितलं तरी चालेल.

सुईदोरा

पाऊलवाट, मी स्वतः ॲक्युपंक्चर करते, बारा वर्षं झाली, तेव्हा माझं म्हणणं थोडं मीठ कमी करूनच घ्या, मी माझ्या धंद्याच्या बाजूने बोलणारच. पण दोन लिव्हरचा घोळ सोडवून देते.

त्यांच्या भाषेत 'गान' हा शब्द आहे, त्याचं भाषांतर लिव्हर असं केलं जातं आणि तिथेच सगळी बोंब होते. गान म्हणजे रिपोर्टमध्ये दिसणारा अवयव कमी आणि एक कामाचं खातं जास्त. त्या खात्याचं काम काय, तर शरीरात जे जे वाहतं ते अडू न देणं. श्वास, पचन, पाळी, झोप आणि भावना, सगळ्याची वाट मोकळी ठेवायची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगदी नेजिंग' या ग्रंथात प्रत्येक अवयवाला दरबारातलं एकेक पद दिलंय, त्यात गानला सेनापती म्हटलंय. आणि राग ही त्याची भावना. सेनापतीला हलू दिलं नाही, रोज राग गिळायला लावला, तर तो आतल्या आत धुमसणार ना, तसं ते चित्र आहे.

मुख्य शब्द 'यू'. चिनी भाषेत आजही डिप्रेशनला 'यीयूझेंग' म्हणतात, त्यातला मधला यू तोच. याला मराठीत उदासी म्हणू नका, उदासी नाहीच ती. आपल्याकडे याला अगदी चपखल शब्द आहे, कोंडमारा. काहीतरी वाहायला हवं होतं ते कोंडलंय. मनातलं बोललं की आपण म्हणतो ना मन मोकळं झालं, त्याच्या बरोबर उलटं. म्हणून तुमच्या बाई लिव्हर कोंडलंय म्हणाल्या ते माझ्या मते छान भाषांतर आहे, फक्त लिव्हर शब्दाने तुमचा गोंधळ उडवला.

आता तुमचा आवंढा. याला 'मेइ ह ची' असं खास नाव आहे, मेइ ह म्हणजे एका आंबट आलुबुखारसारख्या फळाची बी. घशात ती बी अडकलीय, गिळता येत नाही, थुंकता येत नाही. झांग झोंगजिंग नावाचा वैद्य होता, साधारण इसवी सन 150 ते 219, त्याच्या ग्रंथात हे लक्षण भाजलेल्या मांसाचा तुकडा घशात अडकल्यासारखं असं वर्णन करून दिलंय आणि त्यावर 'बान श्या होऊ पो थांग' नावाचा काढा आहे. म्हणजे तुम्हाला जे होतंय ते अठराशे वर्षांपूर्वी कुणालातरी होत होतं आणि घशात काही सापडत नाही हेही तेव्हा माहीत होतं. मला हे वाचून पहिल्यांदा अंगावर काटा आला होता.

नाडीबद्दल. कोंडमाऱ्याची नाडी 'श्यान' असते म्हणतात, बोटाखाली ताणलेल्या तारेसारखी लागते. शिकताना दोन वर्षं मला सगळ्यांचीच तार लागायची, नंतर कळलं की मी घाबरून जोरात दाबतेय. जिभेवर कडा लाल आहेत का, दातांचे ठसे आहेत का, थर जाड पांढरा आणि चिकट आहे का हे बघतात.

आणि महत्त्वाचं म्हणजे सगळ्या डिप्रेशनला लिव्हर म्हणत नाहीत. कुणी सतत विचार करून करून थकलेला, भूक मेलेली, छातीत धडधड, विसरभोळेपणा, चेहरा फिका, त्याला हृदय आणि प्लीहेचा अशक्तपणा म्हणतील, तिथं 'ग्वेइ पी थांग' देतात. कुणाला कारण नसताना रडू येतं, जांभया येतात, त्याच्यासाठी गहू, ज्येष्ठमध आणि लाल बोरं अशा तीनच गोष्टींचा काढा आहे, 'गान माय दा झाओ थांग', तोही त्याच झांग झोंगजिंगचा. एकच आजार असला तरी पाच जणांना पाच औषधं, असा तो प्रकार आहे.

तुम्हाला पावडर बहुतेक 'श्याओ याओ सान' दिली असेल किंवा त्याचाच काहीतरी भाऊबंद. चाय हू, डांग ग्वे, बाय शाओ, बाय झू, फू लिंग, ज्येष्ठमध, थोडं आलं आणि पुदिना. सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहातलं आहे. श्याओ याओ म्हणजे निवांत, मोकळं भटकणं, झ्वांगझी या जुन्या चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथातल्या पहिल्या प्रकरणाच्या नावात हेच शब्द आहेत. औषधाचं नाव काय ठेवलंय बघा.

पण "हळूहळू गोळी लागणारच नाही" हे त्यांनी बोलायला नको होतं. ते ठरवणं आमचं काम नाही.

टपोरी_ढग

म्हणजे राग गिळायचा नाही, काढायचा. आमच्या घरी या हिशोबाने सगळ्यांची लिव्हरं ठणठणीत असायला हवीत 😄

जुनंपुराणं

@टपोरी_ढग हसू नका, राग आणून बरं केल्याची केस खरंच नोंदलेली आहे!

झांग चोंगझेंग म्हणून वैद्य होता, 1156 ते 1228. एका श्रीमंत घरची बाई, विचार करकरून दोन वर्षं झोपच नाही, कुठलंही औषध लागू पडेना. याने नाडी बघितली आणि म्हणाला प्लीहा बिघडलीय, कारण अतिविचार प्लीहेचा. मग नवऱ्याशी संगनमत केलं. बक्कळ पैसे घेतले, त्यांच्याच घरी काही दिवस बसून दारू ढोसली आणि एकही औषध न लिहून देता सरळ निघून गेला. बाई अशी भडकली, अशी भडकली की घामाने निथळली, आणि त्या रात्री तिला झोप आली. पुढे आठ-नऊ दिवस ती झोपूनच होती म्हणे, मग भूक लागायला लागली.

यामागचा तर्क पंचतत्त्वांचा आहे, राग लाकूड, विचार माती, लाकूड मातीला आवरतं म्हणून रागाने विचाराला आवरायचं. तसंच आनंदाने दुःखाला, भीतीने आनंदाला वगैरे. आज हे कुणी केलं तर ग्राहक मंचात केस होईल हा भाग वेगळा. पण मला यात आवडतं ते हे की औषधं हाताशी असूनही तो माणूस बाईच्या मनाशी खेळायला गेला, म्हणजे हे मनाचं आहे हे त्याला कळत होतं. लोक म्हणतात ना चिनी वैद्यकात सगळं शरीरावरच ढकललंय, ते तितकंसं बरोबर नाही.

त्याच्यानंतर झू दानशी, 1281 ते 1358. त्याने सहा प्रकारचे कोंडमारे सांगितले, ची, रक्त, ओल, कफ, आग आणि अन्न. आणि त्यावर पाचच औषधांची 'युए ज्यू वान' ही गोळी. सहा कोंडमारे, पाच औषधं, हा काय हिशोब? तर बाकीचे पाच सुटले की कफ आपोआप सुटतो. ची सुटायला हवी पहिली, बाकी तिच्या मागे.

आणि झांग जिंगयुए, 1624 च्या त्याच्या ग्रंथात तो दोन गोष्टी वेगळ्या करतो, आजारामुळे आलेला कोंडमारा आणि कोंडमाऱ्यामुळे आलेला आजार. दुसरा कायम मनातून सुरू होतो म्हणतो. चारशे वर्षांपूर्वी. मला तर हे वाक्य आजच्या कुठल्याही ओपीडीच्या भिंतीवर चालेल असं वाटतं.

कडूगोळी

मी सायकियाट्रीत काम करतो, त्यामुळे मीही माझ्या धंद्याच्या बाजूने बोलणार, सुईदोरा यांनी आधीच कबुली दिली म्हणून मीही देतो.

इतिहास छान आहे, मला मनापासून आवडला. पण जुनं आहे म्हणून लागू पडतं असं होत नाही, रक्त काढून ताप उतरवणंही जुनंच होतं. आवंढ्याला आम्हीही नाव दिलंय, ग्लोबस म्हणतो आम्ही, आणि दोनला जाग येणं हे चिनी घड्याळात (त्यात प्रत्येक अवयवाला दिवसातले दोन तास दिलेले असतात) लिव्हरच्या वेळेत बसतं म्हणून कुणी सांगितलं तर खूश होऊ नका, पहाटेआधी जाग येणं हे डिप्रेशनचं कुठल्याही पुस्तकातलं लक्षण आहे.

पुराव्याचं सांगतो. सुयांवर 2018 साली कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) मोठा आढावा आला, 64 अभ्यास, 7,104 माणसं. काहीच न करणं किंवा नेहमीचे उपचार यांच्या तुलनेत ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांची तीव्रता मध्यम प्रमाणात कमी झालेली दिसली. पण खोट्या सुयांशी तुलना केली की फरक लहान होतो, आणि एकूण पुराव्याचा दर्जा कमी ते फारच कमी असं त्यांनीच लिहिलंय. खोटी सुई म्हणजे टोक आत सरकणारी, त्वचेला टेकते पण टोचत नाही, जादूगाराच्या सुरीसारखी.

2013 चा उत्तर इंग्लंडमधला एक अभ्यास मात्र मला प्रामाणिक वाटतो. 755 रुग्ण, काहींना नेहमीचे उपचार, काहींना सोबत ॲक्युपंक्चर, काहींना सोबत काउन्सेलिंग. तीन महिन्यांनी सुयावाले आणि काउन्सेलिंगवाले दोघेही नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. आता सुईने झालं की आठवड्यातून एकदा कुणीतरी तासभर शांतपणे आपल्याकडे लक्ष देतं त्याने झालं, हे या अभ्यासातून सांगता येत नाही. मला विचाराल तर दुसरं बरंच असणार. आणि त्यात वाईट काय? फक्त गोळी सोडून नव्हे, गोळीच्या जोडीला.

काढ्यांवर चीनमध्ये ढीगभर अभ्यास आहेत, पण त्यातले बरेचसे छोटे आणि ढिलेढाले, त्यावर विश्वास ठेवून मी कुणाची गोळी कमी करणार नाही. आणि 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीत, पारंपरिक वैद्यकाचं वेगळं प्रकरण आहे, ते दाखवून कुणी "बघा जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलं" म्हणालं तर सांगा की ती नोंदीसाठी यादी आहे, औषध लागू पडतं याचं सर्टिफिकेट नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नावर येतो, सोबत घेतलं तर चालतं का.

सुया, स्वच्छ आणि एकदा वापरून फेकायच्या असतील तर सहसा चालतात. छातीवर आणि खांद्याच्या वरच्या भागात खोल टोचू देऊ नका, फुप्फुसाला भोक पडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, क्वचित, पण आहेत.

पावडरीबद्दल मी जास्त सावध आहे. ज्येष्ठमध रोज बरंच घेतलं तर ब्लड प्रेशर वाढतं आणि पोटॅशियम घसरतं. तुमची जी गोळी आहे ती हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातला एक ठरावीक काळ थोडा लांबवू शकते, त्यात पोटॅशियम कमी असणं चांगलं नाही. डांग ग्वे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर नको, तुमची गोळीही रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढवते. 'हे शोऊ वू' नावाचं मूळ देतात रक्त वाढवायला, त्याने खऱ्या लिव्हरला, म्हणजे रिपोर्टमधल्या, इजा झाल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत, आणि त्याच वेलाचा दांडा झोपेसाठी वापरतात. आणि मन शांत करण्याच्या काही जुन्या गोळ्यांत चक्क हिंगूळ असतो, म्हणजे पारा आणि गंधक. त्याला हातही लावायचा नाही.

गोळी अचानक बंद करू नका, एक दिवसही नाही. चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड, आणि मग लोकांना वाटतं आजार परत आला. कमी करायची असेल तर लिहून देणाऱ्याबरोबर बसून, आठवडे-महिने घेऊन.

आणि सरळ विचारतो, उत्तर इथे नाही दिलंत तरी चालेल. जगणं नकोसं वाटतंय का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का? वाटत असेल तर आवंढा, नाडी, जीभ सगळं बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टरांना फोन करा, घरच्या कुणाला तरी सोबत बसवा.

घुम्या

मी सहसा लिहीत नाही इथे, नावच घुम्या आहे. पण आवंढ्याचं वाचलं आणि राहवलं नाही.

माझं दोनदा झालंय. पहिल्यांदा एकाकडे गेलो (नाव नाही सांगत, गाव तर नाहीच), त्याने काळ्या बारीक गोळ्या दिल्या, डबीवर काहीच नाही, विचारलं यात काय आहे तर म्हणाला "गुप्त आहे, आमच्या गुरूंचं". आणि चालू औषध सोड म्हणाला. मी शहाणा, सोडलं. दहाव्या दिवशी बाथरूमच्या फरशीवर बसून रडत होतो आणि डोकं हलवलं की कानात झूंSSS. कडूगोळी म्हणतात तो वीज चमकण्याचा प्रकार तोच. बायकोने गाडीत घालून माझ्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्या गोळ्यांत काय होतं आजपर्यंत कळलेलं नाही.

दुसऱ्यांदा, दीड वर्षाने, औषध चालू ठेवून दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नुसत्या सुयांसाठी गेलो. पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधून वर सरकत गेलं की एक खळगा लागतो बघा, तिथं त्यांनी बोट दाबलं आणि मी ओरडलोच. ताय चोंग म्हणे. मग तिथं एक सुई, हाताच्या अंगठ्याजवळच्या मांसल भागात एक, दोन्ही बाजूंना, म्हणजे चार, त्याला चार दरवाजे म्हणतात. डोक्याच्या अगदी वर एक, भुवयांच्या मध्ये एक, मनगटाच्या आत एक. टोचण्याचं दुखलं नाही, नंतर पायात एक जड, खोल ठणका आला, दात दुखतो तसा पण पायात. तो यायलाच हवा म्हणाले.

मग दिवा बारीक करून ते बाहेर गेले. मी छताकडे बघत पडलो होतो आणि काहीही कारण नसताना डोळ्यांतून पाणी कानात जायला लागलं. दुःख नव्हतं हो. कसं सांगू, नळ गळतो तसं. हात उचलून पुसताही येईना कारण हातात सुई. पंधरा-वीस मिनिटं कानात पाणी साचत राहिलं. ते आत आले, काहीही न विचारता कान पुसून दिले.

त्या रात्री सहा तास झोपलो. लगेच आनंद वगैरे नका मानू, दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही झालं, तिसऱ्यालाही नाही. एकूण अकरा वेळा गेलो. झोप सुधारली, आवंढा कमी झाला, पण कामावरचं जे खरं दुखणं होतं ते कुठल्या सुईने जाणार? ते गेलं काम बदलल्यावर. सुयांमुळे काम बदलायची ताकद आली का, ते मला माहीत नाही, आणि कडूगोळींनाही माहीत नसणार 😀

एकच सल्ला, डबीवर नाव नसलेलं काहीही तोंडात घालू नका.

जुनंपुराणं

घुम्या, कामाचं म्हणालात त्यावरून आठवलं. आर्थर क्लाइनमन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ 1980 च्या सुमाराला चीनमध्ये हुनानला गेले. तिथं लोक डिप्रेशन हा शब्दच वापरत नव्हते, सगळ्यांना 'शेनजिंग श्वायरुओ', म्हणजे नसांचा अशक्तपणा. डोकं दुखतं, झोप नाही, चक्कर, थकवा. त्यांनी असे 100 रुग्ण नीट तपासले तर त्यांच्या निकषांप्रमाणे 87 जणांना मेजर डिप्रेशन होतं.

आता पाश्चात्त्य मंडळी म्हणणार हे लोक मनाचं दुःख शरीरावर ढकलतात. पण उलटही म्हणता येईल की, डिप्रेशन शरीरात असतंच आणि आपण उगाच त्याला फक्त मनाचं म्हणतो. आणि तिथं गोळ्यांनी लक्षणं कमी झाली तरी कामाच्या आणि घरच्या ज्या भानगडी होत्या त्या सुटल्याशिवाय बरेच जण स्वतःला बरं मानायला तयार नव्हते. तेव्हाचं चीन, सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपलेली, मनातलं बोलायची सोयच नव्हती. कोंडमारा शब्द मग किती नेमका बसतो बघा.

सुईदोरा

@कडूगोळी तुमच्या औषधांच्या यादीशी शंभर टक्के सहमत, उलट त्यात भर घालते. 'बान श्या' (त्या आवंढ्याच्या काढ्यातलं) हे कच्चं विषारी असतं, प्रक्रिया केलेलंच वापरायचं असतं, म्हणून कुठून तरी सुटं विकत घेऊन घरी उकळू नका. आणि गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर आधी सांगा, हातावरचा तो अंगठ्याजवळचा बिंदू तेव्हा आम्ही टाळतो.

पण खोट्या सुयांवर मात्र थोडी भांडणार. बिंदूवर नुसतं टेकवणं, दाबणं यानेही काही ना काही होतंच, जपानमध्ये तर टेकवण्याच्या सुयांची वेगळी परंपराच आहे, म्हणून खोटी सुई ही साखरेच्या गोळीइतकी निर्जीव नाही. तुम्ही म्हणाल ही पळवाट आहे.

कडूगोळी

पळवाट आहेच 🙂 टेकवूनही तेच होत असेल तर बिंदू आणि ची ज्यांतून वाहते म्हणतात त्या वाहिन्यांच्या नकाशाची गरज काय, हा प्रश्न उरतो. पण तुमच्यासारखं "ते ठरवणं आमचं काम नाही" म्हणणारे सगळे असते तर मी निम्मं कमी बोललो असतो.

टपोरी_ढग

आधी मस्करी केली त्याबद्दल सॉरी पाऊलवाट. घुम्याभाऊंचं कान पुसून देण्याचं वाचलं आणि गप्प झालो.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी लिहितेय, मधे लिहायचं धैर्यच होत नव्हतं.

कडूगोळी, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: आता नाही. दोन वर्षांपूर्वी होतं. सरळ विचारलंत ते बरं केलंत, एवढ्या दिवसांत असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं.

त्या बाईंकडे परत गेले, म्हटलं पावडरीत काय काय आहे ते लिहून द्या. मला वाटलं चिडतील. अजिबात नाही, लगेच कागद ओढला आणि आठ नावं लिहिली, सुईदोरा म्हणाल्या तीच आठ, श्याओ याओ सानच निघालं. प्रत्येकापुढे किती ग्रॅम तेही. तो कागद माझ्या सायकियाट्रिस्टना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, ज्येष्ठमधावर गोल केला, म्हणाल्या सुया घ्या माझी काही हरकत नाही, पावडर सध्या थांबवा, पोटॅशियम आणि ईसीजी करून घेऊ मग बघू. आणि गोळी 10 च राहणार, निदान सहा महिने तरी तो विषय काढायचा नाही. आणि काउन्सेलिंग मी मधेच सोडलं होतं ते परत सुरू करा असं बजावलं.

सुया दोनदा झाल्या. घुम्या, तुमचा तो पायाचा ठणका! मी सांगितलेलं नसताना त्यांनी बरोबर तिथंच दाबलं आणि मी तुमच्यासारखीच ओरडले. कानात पाणी वगैरे काही झालं नाही, मला चक्क भूक लागली, पोटातून गुरगुर आवाज यायला लागला आणि त्या शांत खोलीत मला इतकी लाज वाटली. त्या म्हणाल्या, चांगलंय, काहीतरी हललं.

आवंढा आहे अजून. उसासे घरचे मोजतात, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कमी झालेत, माझा विश्वास नाही. जाग मात्र आता दोनऐवजी चारला येतेय. सुईदोरा, घड्याळाप्रमाणे आता फुप्फुसाची वेळ म्हणणार ना तुम्ही?

सुईदोरा

तीन ते पाच फुप्फुस, हो. पण कडूगोळींनी बघायच्या आत हे पुसून टाकते 😄 तुम्ही वहीत नुसती वेळ लिहीत जा, कुठल्या अवयवाची ते नको. आणि ईसीजी झाला की इथे कळवा.